भीड भिकेची बहीण

२०२५ च्या जानेवारीत मी जेमतेम सहा किलोमीटर चालले, आणि त्या सहा किलोमीटरांपायी आधीचे अडीच महिने ओळखीपाळखीच्या माणसांकडे पैसे मागत हिंडले. चालण्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये 'ड्रीम रन' नावाचा हौशी मंडळींचा जो भाग असतो त्यात धावण्याची सक्ती नसते, कोणाची वेळ मोजत नाहीत, आणि आजूबाजूला कोणी झाड होऊन, कोणी झाशीची राणी होऊन, कोणी पाणी वाचवण्याचा फलक गळ्यात अडकवून चाललेले असल्यामुळे स्वतःच्या पायांकडे लक्षही जात नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी निघालो, बोलत बोलत पुढे सरकलो, संपले. मागण्याविषयी मात्र बरेच काही सांगता येईल. आणि साहित्याच्या अभ्यासकांना त्यात थोडा रस वाटावा, कारण त्या अडीच महिन्यांत ज्यांच्याशी माझी सतत गाठ पडत राहिली ते मराठीतले काही जुने शब्द होते.

व्यवस्था साधी असते. ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, आणि तिच्या निमित्ताने सेवाभावी संस्थांसाठी निधी जमवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. संस्था नाव नोंदवते; तिच्या बाजूने काही माणसे चालायला वा धावायला तयार होतात; आणि ही माणसे आपापल्या वर्तुळात सांगत सुटतात की मी अमुक संस्थेसाठी चालणार आहे, तुम्ही तिला काही द्या. माझ्या वाट्याला पंचवीस हजारांचे उद्दिष्ट आले होते. आकडा मोठा नाही. आमच्या नात्यातल्या एका लग्नात रुखवताच्या सजावटीवर त्याहून अधिक गेले होते.

संस्थेचे नाव इथे देत नाही. हा लेख आवाहनाचा नव्हे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे आणि देशभरातून रुग्ण तिथे येतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्या रुग्णांच्या माणसांनी रात्री पाठ टेकायची कुठे, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. लहान मुलांत रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो त्याचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, आणि पहिले काही महिने तर रुग्णालयापासून लांब जाण्याची सोय नसते. औषधांना सवलत मिळते, शासनाच्या योजना असतात, धर्मादाय निधी असतात. पण समजा जालन्याहून एखादे कुटुंब आले, तर बापाची मजुरी बुडते, दुसरे मूल आजीकडे टाकलेले असते, आणि मुंबईत खोली घेण्याची ऐपत नसते. उपचारांनी अंगातली शक्ती खालावलेल्या मुलाला बाहेरचे खाणे चालत नाही. उकळलेले पाणी आणि ताजा भात लागतो, म्हणजे एक शेगडी लागते. ही शेगडी मिळाली नाही की काही कुटुंबे उपचार अर्धवट टाकून गावी परततात, बरे होऊ शकणारे मूल कडेवर घेऊन. गाडगेबाबांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा अशाच लोकांना आसरा देते. मी जिच्यासाठी चालले त्या संस्थेचे कामही त्याच जातीचे, फक्त फार लहान प्रमाणावर: एक खोली, सामाईक स्वयंपाकघरात कुटुंबाची स्वतःची शेगडी, आणि रुग्णालयात नेणारी-आणणारी गाडी.

आता त्या मोसमाविषयी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि मराठीच्या अध्यापकांना एकाएकी मागणी आली. प्रत्येक कॉलेजाला, वाचनालयाला, एका बँकेच्या कर्मचारी संघटनेलासुद्धा 'अभिजात मराठी'वर व्याख्यान हवे होते. (दर्जा मिळाल्याने नेमके काय होणार, हा प्रश्न श्रोत्यांतून हटकून यायचा आणि वक्ता हटकून घड्याळाकडे पाहायचा.) मग विधानसभेची निवडणूक आली, २० नोव्हेंबरच्या मतदानासाठी आमच्यापैकी अनेकांना ड्यूटी लागली. तुळशीचे लग्न लागले की माणसांची सुरू होतात. माझ्या वाट्याला त्या दिवसांत चार लग्ने, एक साखरपुडा, एक साठीशांत, एक निवृत्तिसमारंभ, तीन पुस्तक-प्रकाशने आणि शाळेतल्या वर्गमित्रांचे कर्जतच्या फार्महाउसवरचे संमेलन एवढे आले. फेब्रुवारीत दिल्लीला अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन व्हायचे होते, तारा भवाळकर अध्यक्षा. त्यामुळे स्टाफरूममध्ये तिकिटांची आणि स्वेटरांची चर्चा. शिवाय मार्गशीर्षातले गुरुवार, आणि संक्रांतीपासून हळदीकुंकवे.

एरवी अशा कार्यक्रमांना मी निम्म्या मनाने जाते. त्या वर्षी माझ्या पर्समध्ये एक दोनशेपानी वही होती. मांडवात शिरताना मनातल्या मनात मोजणी सुरू व्हायची: इथे कोण कोण आहे, कोणाला विचारता येईल, कोणाला विचारून झाले आहे. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता टाकताना माझी नजर वधूवरांवर कमी आणि पाहुण्यांवर जास्त असे. भेटीची चवच बदलते. जिच्याशी एरवी तासभर पोटभर बोलावे, त्या मैत्रिणीशी बोलताना विसाव्या मिनिटापासून 'आता काढावा का विषय' हे आत वाजू लागते. आणि मला वाटते, ते तिलाही ऐकू जात असावे.

या अवस्थेला मराठीत एक शब्द आहे. भीड. तो दुसऱ्या कोणत्या भाषेत नेणे मला जमलेले नाही. त्यात संकोच आहे, आदर आहे, ओळखीचे वजन आहे आणि नाही म्हणण्याची चोरीही आहे. मागणाऱ्याला भीड वाटते, देणाऱ्याला भीड पडते. एकच शब्द दोघांच्या मधोमध ताणलेला असतो. जिला ती सोडवत नाही ती व्यक्ती भिडस्त, जिला ती नाहीच ती निर्भीड. समीक्षेच्या संदर्भात 'निर्भीड' हे विशेषण आपण फार सढळ हाताने वापरतो. वास्तविक आपल्या एवढ्याशा साहित्यविश्वात, जिथे लेखक, परीक्षक आणि प्रकाशनसमारंभाचा अध्यक्ष हे एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवलेले असतात, तिथे हे विशेषण किती जणांना लागू पडेल याचा विचार एकदा करायला हवा. असो. जुन्या मराठीत 'भीड खर्चणे' असाही प्रयोग आहे. कोणाचे काम करून घेण्यासाठी आपण आपले वजन वापरले की ते तेवढ्याने कमी होते. म्हणजे भीड ही शिल्लक असते आणि खर्चल्यावर घटते. माझ्या वहीत एका बाजूला जमेच्या रकमा होत्या. दुसरी, न लिहिलेली बाजू या खर्चाची होती.

(विद्यार्थी हल्ली भीड म्हणजे गर्दी समजतात. चालण्याच्या दिवशी बरोबर आलेल्या मुलांपैकी एक जण टर्मिनसपाशी पोचताच म्हणाला, 'मॅडम, काय भीड आहे!' सवयीने मी 'गर्दी' अशी दुरुस्ती केली. मग वाटले, राहू द्यावे. यांतली निम्मी माणसे एकमेकांच्या भिडेपोटीच पहाटेची लोकल पकडून आली असणार.)

'भीड भिकेची बहीण' या म्हणीचा रूढ अर्थ असा की भिडेपोटी ज्याला नाही म्हणता येत नाही तो अखेर भिकेला लागतो. मी ती म्हण वर्गात अनेकदा समजावून दिली आहे. बहीण हे नाते किती जवळचे आहे ते मात्र वही घेऊन हिंडल्यावर कळले. शाळेच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात चौसष्ट जण आहेत. तिथे मी संस्थेची माहिती, खात्याचा क्रमांक आणि चार नेमकी वाक्ये टाकली. एकतीस जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली, पैसे दोघांनी. महिनाभराने कर्जतला त्यांच्यातल्याच नऊ जणांना जेवणाच्या पंगतीत एकेकट्याने विचारले, तर सात जणांनी तिथल्या तिथे फोन काढला. माहिती तीच, संस्था तीच, बाईही तीच. चौसष्ट जणांना मिळून भीड पडत नाही. ती एका वेळी एकाच माणसाला पडते, आणि तीही समोरासमोर.

रकमांचेही पाहण्यासारखे होते. फोनवरून पैसे पाठवताना कोणताही आकडा टंकता येतो, तरी बहुतेकांनी ५०१ किंवा ११०१ च पाठवले. हा वरचा रुपया आहेराचा आहे. शून्यावर थांबू नये, व्यवहार पुढे चालू राहावा, म्हणून आपण पाकिटाला तो चिकटवतो. म्हणजे देणाऱ्याच्या मनात ही रक्कम परळच्या त्या खोलीकडे जात नव्हती, ती माझ्याकडे येत होती. मी जणू कुठल्यातरी कार्याची यजमानीण होते. काहींनी 'ऐंशी-जीची पावती मिळेल ना?' असे विचारले आणि पुढच्याच वाक्यात सांगितले की आपण नव्या करप्रणालीत गेलो असल्यामुळे तिचा उपयोग नाही. तरी पावती हवीच होती. आमच्या ग्रंथालयातल्या परिचराकडे मी मागितले नव्हते. त्याने कुठूनसे ऐकून १०१ रुपये रोख आणून दिले आणि अगदी गंभीरपणे विचारले, 'मॅडम, तुम्ही आजारी पडलात आन् चालला नाहीत, तर मग पैशे परत का?' या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, आणि संस्थेलाही देता आले नसते.

त्याचाच थोरला भाऊ म्हणावा असा प्रश्न अण्णांनी विचारला. अण्णा माझ्या सासऱ्यांचे स्नेही, निवृत्त मुख्याध्यापक, वय ऐंशीच्या पुढे. साठीशांतीच्या जेवणानंतर पान लावता लावता त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, 'पैसे हवेत तर सरळ माग की. तू चाललीस काय आणि घरी बसलीस काय, त्या पोराला काय फरक पडतो? हे चालायचं सोंग कशाला?' १००१ रुपये त्यांनी दिले. प्रश्न मात्र मला पुढे बरेच दिवस पुरला.

चालण्याची आणि देणगीची ही सांगड आपल्याकडे बाहेरून आली. कॅनडात १९६७ साली, राष्ट्राच्या शताब्दीच्या वर्षी, 'माइल्स फॉर मिलियन्स' नावाच्या पदयात्रा निघाल्या; अमेरिकेत १९६९ साली नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क गावी उपासमारीविरुद्धच्या निधीसाठी माणसे चालली. हिशेब मैलावर असे: तू जितके मैल चालशील तितके सेंट मी देईन. त्यात निदान श्रमाला भाव होता. मग १९८० साली टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण, कर्करोगाने एक पाय गेलेला, कृत्रिम पाय लावून देश ओलांडायला निघाला. १२ एप्रिलला त्याने पूर्व किनाऱ्यावर सुरुवात केली आणि रोज जवळजवळ एक मॅरेथॉन याप्रमाणे १४३ दिवस धावला; १ सप्टेंबरला फुप्फुसांत पसरलेल्या रोगाने त्याला थांबवले आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला. देशातल्या प्रत्येक माणसाकडून एक डॉलर, एवढीच त्याची मागणी होती, आणि त्याच्या हयातीतच ती पुरी झाली. त्याला कोणी 'धावायचे सोंग कशाला' असे विचारले नसते. जे मागायचे होते ते त्याच्या पायातच दिसत होते. माझ्या सहा किलोमीटरांत असे काही नव्हते. तेवढे तर मी भाजी आणि बँक मिळून चालते.

आपल्याकडची वारी याच्या अगदी उलट. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणारा वारकरी कोणासाठीही पैसे मागत नाही. वाटेवरच्या गावांतली माणसेच त्याला भाकरी, पिठले, चहा देतात, त्याचे पाय चेपतात, आणि ज्यांना जाता येत नाही ती त्याच्याबरोबर आपला नमस्कार पाठवतात. दान चालणाऱ्यासाठीच असते. तो कोणाचा मध्यस्थ नसतो, झालाच तर विठ्ठलाकडे पोचवायच्या नमस्काराचा. गाडगेबाबांची रीत आणखी वेगळी. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, कोणाची लाकडे फोडून द्यायची, मग भाकरी मागायची. श्रम आधी, मागणे नंतर, आणि श्रम असा की ज्याचा त्या घराला उपयोग होतो. या हिशेबाने पाहिले तर माझे चालणे अण्णा म्हणाले तेच ठरते. त्याने कोणाचा रस्ता झाडला जात नाही.

पण सोंग या शब्दाशीच थोडे थांबावे असे मला नंतर वाटू लागले. मराठी मुलखात मागणारा माणूस सोंगाशिवाय दारात येतो कधी? वासुदेव मोरपिसांची टोपी घालून येतो. बहुरूपी पोलिसाच्या वेषात येऊन आधी दरडावतो आणि मग हात पुढे करतो. पोतराजाच्या हातात आसूड असतो. चांगल्या खात्यापित्या घरची बाई देवीच्या नावाने परडी घेऊन पाच घरी जोगवा मागते, तिला त्या पीठमिठाची गरज नसते. आणि मुंजीतली भिक्षावळ तर भर मांडवातच चालते: लंगोटी लावलेला, दंड हाती घेतलेला आठ वर्षांचा मुलगा आपल्याच आत्या-मावश्यांपुढे झोळी पसरतो, पहिली भिक्षा आई घालते, आणि कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. गजबजलेल्या समारंभात नातलगांकडे मागण्याची आपली ही किती जुनी सोय! सोंगामुळे मागणारा 'मी' राहत नाही. वासुदेवाला नाही म्हटले तर त्या टोपीखालच्या माणसाचा अपमान होत नाही, आणि हो म्हटले तर तो माणूस मिंधा होत नाही. भिडेची धार त्याने बोथट होते. संस्थेने दिलेला तो पिवळा टीशर्ट, छातीवर टाचलेला क्रमांक, ही माझी टोपी होती. 'मला पैसे द्या' हे माझ्या तोंडून निघाले नसते. 'मी चालणार आहे' हे निघत होते. अण्णांना मी पुढच्या भेटीत एवढेच सांगितले की सोंग आहे खरे, पण सोंगाशिवाय मागणे आपल्याला कोणी शिकवलेले नाही. ते म्हणाले, 'मग टोपी घालून चाल. निदान लोक बघतील तरी.'

सोंगाशिवाय मागणारी माणसे झाली नाहीत असे नाही. महर्षी कर्वे स्वभावाने संकोची, गणिताचे प्राध्यापक. फर्ग्युसनमधले शिकवणे आटोपून रोज पायी हिंगण्याच्या झोपडीकडे जात ते चालणे कोणाला दाखवण्यासाठी नव्हते. दुसरे वाहन नव्हते. आश्रमासाठी ते दारोदार गेले, आणि सत्तरी उलटून गेल्यावर खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी पुन्हा पुण्याच्या गल्ल्यांतून निधी मागत हिंडले. अध्यापकाने वही घेऊन फिरण्याची परंपरा आपल्याकडे एवढी मोठी आहे की तिची आठवण काढताना माझा आवाज आपोआप खाली येतो. आणि विनोबा. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली, आणि त्यानंतर तेरा वर्षे विनोबा देशभर चालत राहिले. दानाचा अर्थ ते सम्यक् वाटणी असा करीत. ज्याला पाच मुलगे त्याने मला सहावा समजून माझा हिस्सा द्यावा, अशी त्यांची मागण्याची तऱ्हा. म्हणजे विनोबांनीही अखेर नात्याचाच धागा ओढला, भिडेचाच. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन अशी मिळाली. तिच्यातली बरीचशी खडकाळ, पडीक किंवा वादातली निघाली, हेही नमूद आहे. सहाव्या मुलाला बापाने माळरान द्यावे, तसे. भीड माणसाला नाही म्हणू देत नाही. काय द्यायचे हे मात्र तो स्वतःच ठरवतो, आणि तिथे तिचे काही चालत नाही.

डिसेंबरच्या मध्याला माझी वही अकरा हजारांवर अडली होती. संस्थेच्या कार्यालयातल्या बाईंनी फोनवर आपुलकीने सल्ला दिला: एखाद्या मुलाची गोष्ट सांगा, फोटो लावा, लोक लगेच देतात. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवले आहे की एका लहान मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत म्हटले तर टपालखाते चिल्लर नाण्यांनी भरून जाईल, पण रुग्णालयांसाठी कर लावला नाही तर टाळता येण्याजोगे मृत्यू किंचित वाढतील असे सांगितल्यास कोणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. मुळात ही संस्था मला कळली तीच एका विद्यार्थिनीमुळे. तिच्या धाकट्या भावाचे उपचार चालू असताना ती मंडळी तिथे राहिली होती. ती कुठली, कोणत्या वर्गातली हे सांगत नाही. वर जालन्याचे नाव घेतले तेही निव्वळ उदाहरणादाखल. मी तिला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'नको मॅडम. तो बरा झालाय. मोठा झाल्यावर त्याला ते दिसेल की.'

याच्यावर युक्तिवाद नव्हता. टक्कल पडलेल्या, सुजल्या चेहऱ्याच्या मुलाचा फोटो आपण पाहतो तेव्हा तो मुलगा आपल्या मनात त्या फोटोतच कायमचा राहतो. हा मुलगा पंधरा वर्षांचा होणार, मिशी फुटणार, कोणावर तरी खूश होणार, आणि मग एके दिवशी त्याला सापडणार की आपल्या आजाराने कोणाच्या तरी बाईंचे उद्दिष्ट पुरे झाले होते. मी नाव, गाव, फोटो वगळून, तपशील बदलून लिहून पाहिले. चार मसुदे केले. ते वाचून कोणालाही काही वाटले नसते.

हे मला अधिक लागले ते मी वर्गात रससिद्धान्त शिकवते म्हणून. भट्टनायक सांगतो की नाट्यातला शोक आस्वाद्य होतो तो साधारणीकरणामुळे: तो अमक्या व्यक्तीचा, अमक्या स्थळकाळातला राहत नाही. व्यक्तीचे विशेष गळून पडतात तेव्हा करुण रस निष्पन्न होतो. देणगीच्या आवाहनात सगळा व्यवहार उलटा. तिथे विशेष गळला की शोकच नाहीसा होतो. नाव हवे, वय हवे, खाटेचा क्रमांक हवा. प्रेक्षागृहात आपण रडतो आणि काही करत नाही, ते रडणे निर्मळ. आवाहन वाचून आपण देतो, ते देणे कोणाच्या तरी उघड्या जखमेवरून जाते. साहित्याच्या बाजूने पाहिले तर आवाहन हे हलक्या प्रतीचे लेखन. शेगडीच्या बाजूने पाहिले तर भट्टनायकाचा काही उपयोग नाही. वर्गात हे दोन्ही मांडले. तृतीय वर्षाच्या एका मुलाने विचारले, 'मॅडम, मग दलित आत्मचरित्रांत स्वतःचीच जखम स्वतः दाखवतात, ते कशात मोजायचं?' तास संपला होता, पण चर्चा पुढचे दोन तास चालली, आणि तिचा शेवट एवढाच झाला की जखम ज्याची त्याने ती दाखवणे आणि दुसऱ्याने त्याच्या वतीने दाखवणे या दोन गोष्टी एका रकान्यात घालता येत नाहीत.

तेव्हा गोष्टीशिवायच मागत राहिले. शेगडी, उकळलेले पाणी, अर्धवट राहणारे उपचार, एवढे सांगून. जिथे तेही पोचत नव्हते तिथे माझी भीड कामाला येत होती. संक्रांतीनंतरच्या भिशीत आम्ही बारा जणी होतो. तिळगूळ झाला, वाण लुटून झाले, आणि मी विषय काढला. भिशीचा हिशेब जी ठेवते ती बाई तोंडाने फटकळ. ती म्हणाली, 'तुझी संस्था आम्हाला माहीत नाही आणि आम्ही काही ती बघायला जाणार नाही. तू मागतेस म्हणून देतो. उद्या आम्ही मागू तेव्हा कारण विचारायचं नाहीस.' बारा जणींपैकी दहा जणींनी दिले. त्या दोन-अडीच महिन्यांत ऐकलेले सर्वांत प्रामाणिक बोलणे तेच होते.

१९ जानेवारीला चालून आले. वहीत त्रेचाळीस नावे आणि १९,८५४ रुपये, त्यांतले दोन हजार माझे. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, 'उरलेले तुम्हीच घालून टाका, पुष्कळ जण तसंच करतात.' मी ते घातले नाहीत. पंचेचाळीस वर्षांत साठवलेली माझी भीड बाजारात एवढ्याचीच भरली, तर नोंद तेवढीच असावी.

मग परतफेड सुरू झाली. फेब्रुवारीत आमच्या गृहसंकुलातल्या देवळाचा कळस, मार्चमध्ये मावसभावाच्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव, मग भिशीतल्या एकीच्या भाचीची गिर्यारोहण मोहीम, एका वर्गमित्राच्या गावातल्या शाळेची संगणकखोली, पुढे एका दिवाळी अंकाची पाच जणांची आगाऊ वर्गणी. माझ्या वहीतले देणगीदार एकेक करून माझे घेणेकरी झाले. कारण मी विचारले नाही, तसे ठरलेच होते. ऑगस्टअखेर साडेअकरा हजार गेले, आणि ग्रंथालयातल्या परिचराने अजून काही मागितलेले नाही. अण्णांनी एकदा फोन केला होता, पण तो 'सोंग' या शब्दाची व्युत्पत्ती विचारायला.

त्याच महिन्यात पुढच्या जानेवारीसाठीचा अर्ज आला. नाव, पत्ता, रक्तगट, टीशर्टचे माप, आणि खाली दीडशे शब्दांचा रकाना: 'तुम्हाला प्रेरणा देणारी गोष्ट'. तो मोकळा ठेवून बाकीचा अर्ज मी भरून पाठवला. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला की एक रकाना राहिलेला दिसतोय. म्हटले, राहू द्या. आणि उद्दिष्ट या वेळी वीस हजारांचे लिहा.